आरशाकडे पाठ

शिंपीणबाई सलूनमध्ये आल्या तेव्हा त्याच्या हातात गणिताच्या मास्तरांचं डोकं होतं. खरं डोकं, लाकडाचं नव्हे; लाकडाचं त्याने केव्हाच करून दिलं होतं आणि ते मास्तरांच्या कपाटावर धूळ खात बसलं होतं. बायका सहसा त्याच्या सलूनची पायरी चढत नसत. पोरांना केसांसाठी आणायच्या त्याही दारातूनच, 'कानावर येऊ देऊ नका हो,' एवढं सांगून निघून जायच्या. म्हणून त्या सरळ आत आल्या तेव्हा बाकावर पेपर वाचत बसलेल्या माणसाने आधी पाय आवरले आणि मग पेपर. बाईंनी पिशवीतून उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, आरशाखालच्या फळीवर पावडरचा डबा आणि तुरटी यांच्या मधे उभं केलं आणि अभ्रा सोडवला. आत त्यांचा नवरा होता. वीतभर उंच, गळ्यात पिवळी टेप, नाकावर घसरलेला चष्मा, कानामागे खडूचा तुकडा. शिंपी वारला त्यानंतर महिन्याभरात यानेच तो कोरला होता, रंगवला होता आणि स्वतः नेऊन दिला होता. दिल्यावर बाई रडल्या होत्या. आपलं काम साधलं याची त्याला तेवढी खूण पुरेशी वाटली होती.

"भाऊ, हे तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या.

"का हो वहिनी? रंग उडाला का?"

"रंग कशाला उडतोय? तुम्ही चांगलंच केलंय. सगळं त्यांचंच आहे. पण हे ते नाहीत. काय चुकलंय म्हणाल तर मला सांगता यायचं नाही. रोज बघते आणि रोज घरात कुणी परका माणूस येऊन बसल्यासारखं वाटतं. त्यांच्यावर चिडायचं म्हटलं तरी जमत नाही आता. परक्यावर कसं चिडणार?"

त्याची कात्री मास्तरांच्या कानाशी थांबली होती.  बाई अभ्र्याची घडी घालत होत्या. बाहुला त्यांनी ठेवला तो आरशाकडे तोंड करून, आणि घडी घालता घालता त्यांची नजर सहज वर गेली. घडी तशीच राहिली. "अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे बघा. हे इथे आहेत." त्यांचं बोट आरशाच्या काचेला टेकलं होतं. त्यानेही पाहिलं. आतला शिंपी बाईंकडे बघत होता, ओठाचा एक कोपरा खाली उतरलेला, कानामागे खडू, आणि गंमत म्हणजे तो त्याला अजिबात ओळखू येत नव्हता. आपणच कोरलेला, आपणच रंगवलेला माणूस, आणि वाटलं, याची दाढी आपण कधी केलेली नाही. बाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. "मला हा आतला द्या," त्या म्हणाल्या. मास्तर खुर्चीतून म्हणाले, "तोच तर आहे," आणि मग पुढे वाकून आरशात बघू लागले, कारण त्यांनाही काहीतरी दिसलं असावं.

शिंप्याच्या दुकानात कपडे घालून बघायला उभा आरसा लावलेला होता. त्याच्यासमोर, आरशाकडे तोंड करून ठेवा, असं त्याने सुचवलं आणि बाई बाहुला परत घेऊन गेल्या, येताना आणला होता त्यापेक्षा किती तरी जपून. तो पुन्हा मास्तरांच्या डोक्याकडे वळला. पण हात नेहमीसारखा चालेना. टाचण्या, त्याला आठवलं. शिंपी जन्मभर तोंडात टाचण्या धरायचा, ओठाच्या एकाच कोपऱ्यात, म्हणून तो कोपरा उतरला होता. कुठला कोपरा? त्याने डोळे मिटले तर डावा दिसला. मग त्याने बोटांना विचारलं. दाढी करताना त्या उतरलेल्या कोपऱ्यापाशी कातडी ताणून धरावी लागायची, आणि ताणणाऱ्या बोटांनी न चाचरता सांगितलं, उजवा. बोटांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पण लाकूड घेऊन बसल्यावर त्याने बोटांना कधी विचारलंच नव्हतं. तो आरशाला विचारत आला होता.

त्याचं असं झालं होतं. दुकानातल्या जुन्या खुर्चीचा हात एकदा मोडला, आणि फेकायच्या आधी त्याने तो मांडीवर घेऊन एका बोथट वस्तऱ्याने सहज खरवडला. लाकडाला गाल आला. त्या गालाचं नवल वाटून त्याने दुसरा काढला. कुणी शिकवलं नाही, आणि शिकावं लागतं हेही त्याला बरेच दिवस माहीत नव्हतं. पुढे पटाशी आली, कानस आली, पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडचे तळाला उरलेले रंगाचे डबे आले. पण पद्धत त्याची स्वतःचीच राहिली. प्रत्येक माणूस तो आधी टकला कोरायचा. डोकं घासून गुळगुळीत झालं की वर ठेवलेल्या जादा लाकडातून त्याचे केस कापायचे, ते गिऱ्हाईक जसे कापून घेतं तसेच, भांग पाडून, कल्ले सोडून, आणि कापताना तोंडाने 'मान खाली' असंही म्हणायचा. डोळे सगळ्यात शेवटी. टपालवाला झाला, बसचा ड्रायव्हर झाला, औषधांच्या दुकानातला तो कायम जांभई देणारा झाला. ज्याला मिळे तो बाहुला हातात धरून आरशात बघे, एकदा बाहुल्याकडे, एकदा स्वतःकडे, आणि म्हणे, "अगदी मी!" घरी गेल्यावर बायको म्हणे, "छान आहे," आणि कपाटावर ठेवून देई. सगळ्यांच्याच बायका कपाटावर ठेवत. बायकांना कलेतलं कळत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती, आणि घरी एकदा बोलूनही दाखवली होती. त्याची बायको तेव्हा म्हणाली होती, "त्या बिचाऱ्या रोज समोरून बघतात हो नवऱ्याला. तुमच्यासारख्या मागून नाही." त्याने ते थट्टेवारी नेलं होतं. ती थट्टाच होती, पण आता मास्तरांच्या मानेवरचे केस झटकताना ती त्याला टोचली.

मागून. खरंच, तो सगळ्यांना मागूनच ओळखत होता. कापायला उभा राहायचं ते खुर्चीच्या मागे, आणि माणूस बघायचा तो समोरच्या काचेत. दाढीला पुढे यावं लागे, पण दाढी करताना चेहरा दिसत नाही. एक गाल दिसतो, हनुवटी दिसते, फेस दिसतो. अख्खा माणूस आरशातच असायचा. आणि त्याला ते बरं पडत होतं, हे कबूल करायला हवं. समोरासमोर कुणाच्या डोळ्यांत बघायचं म्हटलं की लहानपणापासून त्याची मान आपोआप खाली जायची. आरशात मात्र हवं तेवढं बघावं, कुणाला राग येत नाही, उलट लोक बोलतात. मरणाच्या, पोरींच्या, दुखण्याच्या गोष्टी माणसं त्याच्या आरशाला सांगून मोकळी झाली होती. म्हणजे आरशात दिसतात तशी, उजव्याचं डावं करून, भागातल्या सगळ्या पुरुषांची तोंडं त्याने फिरवून ठेवली होती. ज्यांची होती त्यांना पत्ता नाही, कारण त्यांनी स्वतःलाही आरशातच पाहिलेलं. त्याला हसू आलं. मास्तरांनी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही, मान खाली." आणि मास्तरांची मान खाली गेल्यावर ते हसू कुठल्या कुठे गेलं, कारण त्याला बायकोची गाठ आठवली.

गाठ तिच्या कानापुढे होती, जबड्याच्या कोपऱ्यावर, वाटाण्याएवढी होती ती बोराएवढी झालेली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं होतं की साधीच आहे, पण काढलेली बरी. मात्र चेहरा हलवणारी शीर नेमकी तिथूनच जाते. आम्ही जपूच, तरी काही दिवस त्या बाजूचं तोंड रुसून बसेल, बहुतेकांचं परत येतं. बहुतेकांचं, हा शब्द तो घरी घेऊन आला होता आणि कुठे ठेवावा ते त्याला समजत नव्हतं. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला होता. तिने विचारलं, "बाबा, कुठल्या बाजूला आहे गाठ?" तो म्हणाला, "डाव्या." स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "उजव्या हो, उजव्या. तुमच्या हाती नाही दिलंय ऑपरेशन ते बरं." तिघंही हसले. पण फोन ठेवल्यावर तो कितीतरी वेळ हात धुवत राहिला होता. रोज जिच्यासोबत जेवतो तिची बाजू आपल्याला माहीत नाही. वय झालं, असं त्याने तेव्हा म्हणून टाकलं. वयाचा काही संबंध नव्हता. तिने गाठ पहिल्यांदा दाखवली ती सकाळी वेणी घालताना, कपाटाच्या आरशात, आणि तो मागे पलंगाच्या कडेवर चहा घेत बसला होता. त्यांचं सगळं बोलणं तिथेच व्हायचं. दिवसाची भाजी, मुलीची काळजी, भांडण, समेट, सगळं त्या आरशात, तिच्या खांद्यावरून. जेवताना दोघं ताटात बघत, खिडकीशी बसले की रस्त्यावर बघत. इतकंच काय, ती त्याला पहिल्यांदा दिसली तीही आरशातच. वडिलांना केस कापायला घेऊन आली होती आणि मागच्या बाकावर मासिक चाळत बसली होती. तो वडिलांचे केस कापत होता आणि बघत होता तिच्याकडे, आणि एका बाजूने सासऱ्यांचे केस इतके बारीक झाले की पुढे दोन्ही बाजू तशाच कराव्या लागल्या. "मुलीच्या पायी भादरला गेलो," असं ते शेवटपर्यंत सांगत.

एवढ्या माणसांत बायको मात्र त्याने कधी केली नव्हती. तिच्यासाठी म्हणून चांगला, गाठी नसलेला ठोकळा फार पूर्वीच आणला होता, पण हात धजेना, आणि ठोकळा दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी लावला गेला. ती येताजाता त्याला पाय आपटून घ्यायची आणि म्हणायची, "सगळ्या जगाच्या मूर्ती झाल्या, मी आहे अजून दार अडवून." गाठीचं ठरलं त्या दिवशी मात्र तिने थट्टा केली नाही. भांडी पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता तरी एक करा माझं. नंतरचं तोंड कसं असेल कुणाला ठाऊक." त्याने दुसऱ्याच दिवशी ठोकळा दुकानात नेला आणि दुपारच्या बंद वेळेत कोरायला घेतला. केस कापून झाले होते, पहिला रंगही बसला होता, आणि गेले काही दिवस तो कपड्याखाली झाकून पडला होता, कारण ती ती नव्हती. त्याला वाटत होतं, प्रेमाच्या माणसाचं असंच होत असेल. तसं काही नव्हतं. शिंपीणबाईंनी आज फळीवर उत्तर ठेवलं होतं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. कानापुढचे आणि कानामागचे केस आदल्या दिवशी काढून या, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. ते काम कुणा परक्याने करण्याचा प्रश्नच नव्हता. पण आदल्या दिवसापर्यंत थांबायचं त्याच्याने होईना. दुपारी जेवून झाल्यावर तो म्हणाला, "चल जरा दुकानात." ती म्हणाली, "आत्ता? केस तर नंतर काढायचेत." "चल तर." ती चप्पल घालून निघाली. लग्नानंतर ती दुकानात क्वचितच आली असेल, आणि खुर्चीत तर कधीच बसली नव्हती. त्याने दार अर्धं ओढलं, तिला खुर्चीत बसवलं आणि सवयीने मागे जाऊन उभा राहिला. आरशात दोघं होते. त्याची बायको, त्याची ओळखीची, आणि तो. क्षणभर वाटलं की राहू दे, हेच बरं आहे, एवढी वर्षं चाललंच ना. मग त्याने पायाने कळ दाबली आणि खुर्ची फिरवली, आरशाकडे पाठ करून, आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसला.

"हे काय?" ती म्हणाली.

"काही नाही. बस."

"काय बघताय?"

"तुला."

"झालं. गाठ माझ्या कानाला आणि परिणाम तुमच्या डोक्यावर."

त्याची मान खाली गेली. त्याने ती वर आणली. पुन्हा गेली, पुन्हा आणली. समोर एक बाई बसली होती, पन्नाशी उलटलेली, दमलेली, थोडी लाजलेली, आणि ती त्याला अर्धी अनोळखी होती. एक भुवई दुसरीपेक्षा किंचित वर होती, आणि ती त्याला वाटायची ती नव्हे. कपाळावरचा लहानपणी पडल्याचा व्रण सरकून पलीकडे गेला होता. घर तेच, पण कुणीतरी दारं-खिडक्या बदलल्यात, असं त्याला झालं. त्याला भीती वाटली, अगदी साधी भीती, की हिला आपण ओळखतच नव्हतो, आणि पुढच्या आठवड्यात ही जाईल आणि तिसरीच कुणी येईल. तिच्या लक्षात आलं असावं. थट्टा थांबवून तिने विचारलं, "काय झालं हो?" मग त्याने तिला शिंपीणबाईंचं सगळं सांगितलं, आरशातला शिंपी, टाचण्यांचा कोपरा, भागातल्या पुरुषांची फिरलेली तोंडं. ती ऐकत राहिली, आणि 'अगदी मी' म्हणणाऱ्या ड्रायव्हरपाशी गोष्ट आली तेव्हा तिला हसू फुटलं. ते हसू त्याने पहिल्यांदा समोरून पाहिलं. ते उजव्या कोपऱ्यातून निघालं. आधी तिथे एक सुरकुती पडली, मग ओठ त्या बाजूला ओढला गेला, आणि डाव्या गालापर्यंत पोचायला त्याला इतका वेळ लागला की तोपर्यंत उजवीकडे ते पूर्ण होऊन बसलेलं होतं. उजवीकडे, जिथे ती शीर होती.

"तुझं तोंड आधीपासूनच वाकडं आहे," तो म्हणाला.

"आता सांगताय?"

"आता दिसलं."

ती आणखी हसली आणि त्याने तेही पाहिलं, कोपऱ्यापासून शेवटपर्यंत. मग उठून त्याने कपड्याखालचा बाहुला काढला. तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. "अगदी मी!" ती म्हणाली. "असाच ठेवा. डोळे तेवढे रंगवा." त्याने एकदा बाहुल्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. तेव्हा तिला आपलं आपणच कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. "अगंबाई, म्हणजे मीही त्या ड्रायव्हरसारखीच."

"ही तुझी तू," तो म्हणाला. "ही तू ठेव. मला माझी वेगळी करायची आहे."

"ती कशी असते?"

 कुठल्या आरशात ती दाखवता आली असती? तो म्हणाला, "झाल्यावर बघ."

त्या दिवसापासून ती रोज दुपारी दुकानात येऊन आरशाकडे पाठ करून बसू लागली. कधी मटार सोलत, कधी नुसतीच. दुसरा ठोकळा तितका चांगला नव्हता, त्यात एक गाठ होती, आणि ती त्याने मुद्दाम मागे, वेणीत नेऊन मिटवली. या खेपेला त्याने टकली बायको कोरलीच नाही. केसांसकटच लाकडातून काढली. आदल्या दिवशी त्याने तिच्या कानापुढचे केस वस्तऱ्याने काढले. त्या बोराएवढ्या उंचवट्यापाशी आल्यावर त्याने वस्तरा पुसला, पुन्हा पुसला, आणि ती डोळे मिटून म्हणाली, "कापलं तरी चालेल, उद्या डॉक्टरीणबाई कापणारच आहेत." रंग बसला, डोळे मात्र राहिले. ऑपरेशनच्या दिवशी ती आत होती तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसला होता, मुलगी बाजूला होती, आणि त्याच्या खिशात बारीक ब्रश होता. कशाला आणला होता त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

गाठ साधीच निघाली. शीर जागच्या जागी होती, पण दुखावली होती. टाके निघून ती घरी आली तेव्हा तोंडाची उजवी बाजू झोपली होती, शब्द थोडे घसरत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जागी होईल, घाई करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तो चहा घेऊन पलंगाच्या कडेवर बसला आणि पाहतो तर कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकलेला. ती पाठ करून बसली होती, वेणी न घालता. इथेच तर ते बोलायचे. टॉवेलाशी काय बोलणार? ती हॉस्पिटलात असतानाच डोळे रंगवून तयार केलेला बाहुला तिकडे कोनाड्यात कापडात होता, आणि गेले दोन दिवस त्याला प्रश्न पडला होता की आता तो दाखवणं बरं की क्रूरपणा. तिच्या हरवलेल्या बाजूलाच तर त्यात हसू होतं. आणि नाही दाखवला तर तिला वाटणार की याला आता मी बघवत नाही. तो उठला, खुर्ची ओढून तिच्यासमोर नेली आणि बसला. तिने मान खाली घातली. यावेळी मान तिची होती. त्याने कापड सोडून बाहुला तिच्या मांडीवर ठेवला.

ती बघत राहिली. बोटाने तिने भुवई चाचपली, कपाळावरचा व्रण चाचपला, मग ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवून थांबली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ही कोण?" तिने विचारलं.

"तू."

"मी अशी दिसते?"

"मला."

"हसताना?"

"हसायला लागताना."

तिने मान वर केली. डावा गाल हलला, उजवा जागचा हलला नाही, पण ते काय होतं हे त्याला आता बरोबर कळत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ही चांगली आहे की हो दिसायला," ती अडखळत म्हणाली. "एवढी वर्षं बोलला नाहीत."

 चहा निवत चालला होता. त्याने कप उचलला आणि सांडू नये म्हणून तिच्या ओठांच्या डाव्या बाजूने धरला, म्हणजे समोर बसलेल्या त्याच्या उजव्या. या वेळी बाजू चुकली नाही.